बाटलीला थंडी वाजू नये

बाहेर उणे एकतीस.
मोटारसायकलवरून उतरलेल्या माणसाच्या मिशीत बर्फ,
मागे बायको, आणि तिच्या पदराआड नव्हे, मेंढीच्या कातड्याआड
तीन दिवस तापलेली, सात महिन्यांची नोमून.
कपाळावर काजळीचं बोट,
रात्रीच्या वाटेवर वाईट काही तिला ओळखू नये म्हणून.
ते मी पुसलं नाही.
घसा पाहिला, कान पाहिले,
छातीत दोन्हीकडे हवा सरळ येतजात होती.
"दात येतायत," त्सेरेनखंद म्हणाली,
पण विचारल्यासारखं म्हणाली.

जळजळ हा शब्द या मुलीला अजून कुणी दिलेला नाही.
तिच्याकडे रडणं आहे, एकच,
भुकेलाही तेच आणि ह्यालाही.

पिशवी चिकटवून मोकळं होता येतं,
पण पिशवी चहाडखोर असते,
कातडीवरचे जंतूही आतले म्हणून सांगते.
म्हणून दोरीनं आवळलेलं दुपटं सोडलं,
धुतलं, पुसलं,
आणि गार पाण्यात भिजवलेला बोळा
ओटीपोटावर गोल गोल फिरवत बसलो.
आई पाजत होती.
बाप चुलीत शेण्या सारत होता.
मी डबी धरून.

किती वेळ, कोण जाणे.
शेळ्यांचं बोलून झालं, दिराच्या लग्नाचं झालं.
निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली मी डॉक्टर,
एका पोरीच्या मुतण्याकडे
डोळ्यांत तेल घालून बघतेय,
असं वाटून हसू आलं,
आणि तेवढ्यात आली!
अर्धी डबीत, अर्धी माझ्या बाहीवर.
बापानं टोपी काढली. खरंच काढली.

पट्टी बुडवली, घड्याळ धरलं.
एक चौकोन गुलाबी झाला, दुसरा जांभळा.
इतके देखणे रंग
की आईला सांगताना जीभ अडखळली.
औषधाचा पहिला चमचा तिथंच दिला.
थुंकला. परत दिला.

पट्टी संशय घेते, नाव सांगत नाही.
नाव सांगणारी माणसं एकशे ऐंशी किलोमीटरवर,
आणि तिथवर माझं सगळं शिक्षण
दाम्बी ड्रायव्हरच्या हवाली.
"कोटात घालून नेतो," तो म्हणाला, "छातीशी, पोरासारखी."
नको रे. उबेत ते एकाचे हजार होतील.
"मग टपावर बांधतो."
टपावर तिचा दगड होईल.
बाटलीला थंडी वाजू नये
आणि ऊबही लागू नये,
असलं काही त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
बराच वेळ तो नुसता उभा राहिला.
मग दुधाच्या बरणीत पाणी सुटलेला बर्फ भरला,
त्यात बाटली, वरून नमद्याची गुंडाळी,
आणि हीटरपासून लांब, पायांशी ठेवली.
दर तासाला हात लावून बघीन म्हणाला,
दूध आंबवताना बघतात तसा.

तिसऱ्या दिवशी फोन. आवाज तुटत तुटत.
जंतू नेहमीचाच, आतड्यातला भाडेकरू,
भलत्याच खोलीत शिरलेला.
पण तुमच्या औषधाला तो जुमानत नाही.
(ताप का हटेना, ते कळलं.)
दुसरं लिहून घ्या.
कागद सापडेना. तळहातावर लिहिलं,
आणि त्या दिवशी हात धुवायचा टाळत
दोन बाळंतिणींना नुसती लांबून तपासलं.

दुसऱ्या रात्री ताप उतरला.
त्सेरेनखंदच्या वहीत मी लिहिलं:
औषध पुरतं संपवायचं, बरी दिसली तरी.
पुन्हा ताप आला तर वाट बघायची नाही.
रस्ता मोकळा झाला की
मूत्रपिंडांची सोनोग्राफी.
तिनं प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं.

निघताना नोमूनला मांडीवर घेतलं.
कपाळावर नवी काजळी.
माझ्या पांढऱ्या कोटावर ती निवांत मुतली,
न रडता, माझ्याकडे बघत.
तो नमुना कुठंच पाठवला नाही.